सोंग वठविण्याची विद्या



‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही,’ ही म्हण आपण घरोघरी ऐकतो. म्हण आहे पैशाविषयी. त्यामुळे तिच्या पूर्वार्धाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सगळी सोंगे खरोखरच आणता येतात काय? आणि येत असतील, तर ती कोणत्या रीतीने? यंदा नववीच्या वर्गात आम्ही जो एक खेळ केला, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. त्या खेळाची हकीकत आणि त्यातून मला व मुलांना मिळालेले धडे येथे सांगावयाचे योजिले आहे.

१. खेळाचे स्वरूप

स्नेहसंमेलनातील नाटकात लेखकाने संवाद लिहिलेले असतात. नट ते पाठ करतात आणि प्रेक्षक समोर बसून ऐकतात. आमच्या खेळात संहिता नव्हती आणि प्रेक्षकही नव्हते. वर्गातील बाके भिंतीला लावली आणि मधल्या मोकळ्या जागेला नेपानगर म्हटले. दिवस ठरविला २६ एप्रिल १९५६. याच दिवशी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते आपल्या गावचा कागद कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. वृत्तपत्री कागद करणारा हा देशातील पहिला कारखाना. तोपर्यंत आपल्या वर्तमानपत्रांचा कागद परदेशांतून येत असे. येथे मात्र सालईचे लाकूड आणि बांबू यांच्या लगद्यापासून तो तयार होऊ लागला.

पंडितजींची भूमिका मी कोणालाच दिली नव्हती. सर्वांनी त्यांची वाट पाहणारी माणसे व्हावयाचे होते. कोणी अभियंता, कोणी नागपूरहून आलेला वृत्तपत्राचा संपादक, कोणी स्थानकावरील हमाल, कोणी मुकादम, कोणी दूरदेशाहून नवऱ्यामागे या रानात संसार थाटावयास आलेली बाई, तर कोणी जंगलात बांबू तोडणारा कोरकू मजूर. पाऊण तास कोणीही आपल्या मूळ नावाने वागावयाचे नाही, आणि जे बोलावयाचे ते त्या माणसाला जे सुचेल तेच, एवढाच नियम होता.

पाश्चात्त्य देशांत अशा खेळाला ‘लार्प’ म्हणतात, आणि तेथे तो मोठ्या आवडीने खेळला जातो. डेन्मार्कमधील होब्रो गावी २००६ साली ओस्टरस्कोव नावाची एक निवासी शाळा सुरू झाली. तेथे इतिहासापासून गणितापर्यंतचे विषय अशा भूमिका घेऊनच शिकविले जातात. हे ऐकून आपल्याला नवल वाटते. परंतु मला स्वतःला ही विद्या डेन्मार्कहून शिकावी लागली नाही. ती मी लहानपणी गावच्या देवळापुढे पाहिली होती.

२. दशावताराची रात्र

माझे माहेर गोव्याच्या पेडणे तालुक्यातले. पेडण्यापासून पलीकडे सावंतवाडी-कुडाळपर्यंतच्या मुलखात कार्तिक महिन्यापासून देवळोदेवळी जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्री दशावतारी मंडळी नाटक करतात. रंगभूमी म्हणजे देवळापुढची मोकळी जागा, आणि सामान म्हणाल तर एक लाकडी बाक. तोच बाक राजाचे सिंहासन होतो, तोच ऋषीचे आसन आणि तोच वनातील शिळा. साथीला पायपेटी, मृदंग व झांज. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. प्रत्येक नट आपापल्या पेटाऱ्यापाशी बसून आपला रंग आपणच लावी. आरंभी गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती यांची पूर्वपीठिका होई. मग काळ्या वेषातला संकासुर येऊन लोकांना हसवी. त्यानंतर पुराणातील आख्यान लागे, ते पहाटेपर्यंत चाले.

या नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. कोणते आख्यान लावावयाचे, कोणी कोण व्हावयाचे आणि कोणत्या प्रसंगानंतर कोणता प्रसंग यावयाचा, एवढे मंडळी आधी बोलून घेतात. पुढे राजा प्रधानास काय विचारील आणि प्रधान त्याला काय उत्तर देईल, हे त्या दोघांनी उभ्या उभ्या ठरवावयाचे असते. यास्तव दशावतारी नटाला पाठांतर चालत नाही. आपण कोण, समोरचा आपला कोण लागतो, आणि आपल्याला त्याच्याकडून काय हवे आहे, हे त्याला पक्के ठाऊक असावे लागते. ते ठाऊक असले की वाक्ये आपोआप येतात.

मला त्या वयात सर्वांत अधिक आश्चर्य वाटे ते भाषेचे. आमच्या घरी व शेजारी कोकणी बोलली जाई. ज्या काकांना मी दिवसा कोणाशी तरी नारळांच्या भावावरून कोकणीत घासाघीस करताना ऐकलेले असे, ते रात्री मुकुट घालून बाकापाशी उभे राहिले की भारदस्त मराठीत बोलू लागत. संकासुर मात्र आमच्याच बोलीत बोले, आणि म्हणून तो आम्हांला आमच्यातला वाटे. भाषा पालटली की माणसाचा श्वास, मान, पावलांची गतीसुद्धा पालटते, हे मी तेथे प्रथम पाहिले. पुढे मराठी हा विषय घेऊन मी पदवीधर झाले. परंतु मराठीची पहिली शाळा माझ्यापुरती ती जत्राच होय.

आपल्या आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभही असाच आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपली भाषणे प्रसंगानुसार स्वतःच करीत. लिहिलेले संवाद पाठ करण्याची पद्धत मागाहून रूढ झाली.

३. आमची पहिली चूक

आता आमच्या वर्गाकडे वळू. पहिल्या दिवशी खेळ अगदी फसला, आणि तो ज्या कारणाने फसला ते मला लपवावयाचे नाही.

कोरकू मजुराची भूमिका एका चलाख मुलाकडे होती. तो अंगाला काजळ फासून, डोक्यात पिसे खोवून, हातात धनुष्य घेऊन आला आणि ‘हू हू’ असा आवाज करीत वर्गभर नाचू लागला. मुले हसली. खेळ मी तेथेच थांबवावयास हवा होता. तो मी थांबविला नाही. उलट इतरांबरोबर मीही हसले. हसता हसता माझी दृष्टी मागच्या भिंतीकडे गेली. आमच्या वर्गात कोरकू समाजाचा एक विद्यार्थी आहे. तो हातातील वही उघडून तिच्यात पाहत होता, आणि तास संपल्याची घंटा होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्याबरोबर मी सांगितले, “काल चूक झाली, आणि ती आधी माझी आहे.” मग मी फळ्यावर चार शब्द लिहिले: आहार्य, आंगिक, वाचिक आणि सात्त्विक. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे हे चार प्रकार सांगितले आहेत. वेष, रंग व अलंकार हा आहार्य. शरीराच्या हालचालींचा तो आंगिक. वाणीचा तो वाचिक. आणि अंतःकरणातील भाव ज्यांतून प्रकट होतो तो सात्त्विक. आदल्या दिवशी आमचे सर्व लक्ष आहार्यावर होते. तो वेषही कोण्या माणसाला पाहून घेतलेला नव्हता. चित्रपटांतून उचललेला होता. ज्याला आपण ओळखत नाही, त्याचे सोंग आणावयास गेलो की ती त्याची टवाळी होते.

त्या चलाख मुलाने मधल्या सुट्टीत आपल्या वर्गबंधूची क्षमा मागितली. मग त्याने विचारले, “तुझे आजोबा भेटतील का?” पुढच्या रविवारी दोघे मिळून त्यांच्याकडे गेले. आजोबा १९५६ साली आठ-दहा वर्षांचे होते आणि वडिलांच्या पाठोपाठ जंगलात जात असत. त्यांनी मुलांना सांगितले की बांबू चिरताना त्याची धार तळहाताला लागते. मोळ्या मोजणारा मोजील तीच संख्या खरी मानावी लागे. आणि वडील घरी आपल्या कोरकू भाषेत पुष्कळ बोलत, परंतु मुकादमासमोर दोन शब्दांवर थांबत. समारंभाविषयी विचारले तेव्हा म्हातारबाबा म्हणाले की त्या दिवशी आपण गेलोच नव्हतो, रानात काम चालू होते.

कोरकू ही भाषा मराठी-हिंदीच्या कुळातील नसून मुंडा भाषाकुळातील आहे. तेव्हा मराठी किंवा हिंदी बोलताना तो मजूर थांबे, शब्द शोधी, यात त्याच्या बुद्धीचे उणेपण काहीच नव्हते. तो परक्या भाषेत उभा होता. माझ्यासारख्या कोकणी घरातून आलेल्या बाईला हे तरी समजावयास हवे होते.

४. भूमिका कशी घडवावी?

रशियातील थोर नाट्यशिक्षक स्तानिस्लाव्हस्की नटाला एक ‘जर’ हाती धरावयास सांगत. ‘मी राजा आहे’ असे मानण्याचा आटापिटा न करता ‘मी जर या परिस्थितीत असतो, तर काय केले असते?’ असे स्वतःला विचारावे. यात परिस्थिती हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ती ठाऊक नसेल तर ‘जर’ हा शब्द पोकळ ठरतो.

आम्ही परिस्थितीचा शोध घेऊ लागलो, तेव्हा मुलांना एकेक नवल उमगत गेले. २६ एप्रिल १९५६ रोजी आपल्या मध्य प्रदेशाची राजधानी कोणती? सर्वांनी भोपाळ म्हटले. परंतु राज्यांची पुनर्रचना त्याच वर्षी १ नोव्हेंबरला झाली. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि विदर्भ व निमाड एकाच राज्यात होते. म्हणजे आमचा नागपूरचा संपादक हा परप्रांतातला पाहुणा नव्हता. तो आपल्याच राजधानीहून आला होता. बऱ्हाणपूर जिल्हा तेव्हा नव्हता. तो २००३ साली झाला. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली, म्हणून मजुराने मजुरी रुपये-आण्यांत मोजावयास हवी. अंतर मैलांत सांगावयास हवे. हमालाची भूमिका करणाऱ्या मुलीने पहिल्या दिवशी एका प्रवाशाला खंडवा किती किलोमीटर ते सांगितले होते. आता ती ‘कोस’ आणि ‘मैल’ म्हणू लागली.

माहिती गोळा झाल्यावर प्रत्येकाने आपल्या पात्रासाठी पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिली. ते प्रश्न असे:

(१) मी आज सकाळी कोठे उठलो आणि काय खाल्ले?
(२) माझे हात काय काम करतात, आणि त्यामुळे माझ्या शरीराला कोणती सवय जडली आहे?
(३) घरी मी कोणती भाषा बोलतो, आणि येथे कोणती बोलावी लागते?
(४) आजच्या दिवसापासून मला काय हवे आहे?
(५) मला कशाची भीती वाटते, आणि ती मी कोणापासून लपवितो?

यांतील चौथा प्रश्न सर्वांत उपयोगी पडला. ज्याला काही हवे असते, तो नुसता उभा राहत नाही. मुकादमाला वाटत होते की आपली माणसे साहेबांना शिस्तीत दिसावीत. दूरदेशाहून आलेल्या बाईला आपल्या भाषेत बोलणारे कोणी भेटते का, हे पाहावयाचे होते. त्यामुळे ती गर्दीतून प्रत्येकाचे बोलणे कान देऊन ऐकत फिरली, आणि ही गोष्ट तिला कोणी शिकविली नव्हती.

५. सोंग टिकविणे

एकदा सोंग घेतले की ते सांभाळणे हे त्याहून कठीण काम. या बाबतीत आपला गुरू म्हणजे बहुरूपी. तो रंगमंचावर येत नाही. पोलीस होऊन किंवा वैद्य होऊन तो भर रस्त्यात, थेट आपल्या दारात येतो, आणि आपण काय विचारू हे त्याला आधी ठाऊक नसते.

एका बहुरूप्याची गोष्ट सांगतात. तो साधूच्या वेषात राजवाड्याजवळ बसला असता राजाने त्याच्यापुढे सोन्याच्या मोहरा ठेविल्या. त्याने त्यांना हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी तोच मनुष्य साध्या कपड्यांत दरबारी आला आणि बिदागी मागू लागला. राजाने विचारले, “काल एवढे सोने नाकारलेस, आणि आज चार नाण्यांसाठी हात पसरतोस?” तो म्हणाला, “महाराज, काल मी साधू होतो. साधूने सोने घेतले असते तर साधूला बट्टा लागला असता. आज मी बहुरूपी आहे. माझी बिदागी मला द्या.”

खेळात टिकून राहण्याचे नियम या गोष्टीत आले आहेत. पात्राने जे केले नसते, ते मोहापायी करू नये. हसू आले तर मान वळवून पात्राच्या कामात गुंतावे: हमालाने ओझे उचलावे, संपादकाने टिपण काढावे. समोरच्याने काही अनपेक्षित विचारले, तर ‘हे ठरले नव्हते’ असे न म्हणता आपल्या पात्राला जे सुचेल ते उत्तर द्यावे. आणि समोरच्यालाही बोलावयास जागा ठेवावी. दशावतारात एकटा राजाच बोलत राहिला, तर प्रधानाचे काम उरत नाही.

६. दुसरा प्रयोग

आठ दिवसांनी आम्ही तोच खेळ पुन्हा केला. त्या वेळी बांबू तोडणारा मजूर आरंभी दिसलाच नाही. अर्धा वेळ उलटल्यावर तो दाराने आत आला. अंगावर साधा जुना सदरा, तळहाताला चिंधी गुंडाळलेली. तो गर्दीच्या कडेला उकिडवा बसला. मुकादमाने मोळ्यांची संख्या विचारली, तेव्हा त्याने दोनच शब्दांत उत्तर दिले. वर्गात कोणी हसले नाही.

या खेळात त्याच्या कोरकू वर्गबंधूने आपण होऊन संपादकाची भूमिका मागून घेतली होती. तो टिपण काढीत सर्वांना प्रश्न विचारीत हिंडत होता. मजुरापाशी येताच मजुरानेच त्याला विचारले, “साहेब, या कागदावर आमच्याबद्दल काही छापणार का?”

क्षणभर शांतता पसरली. संपादक वहीकडे पाहून म्हणाला, “जागा उरली तर पाहू.” आणि तो पुढे गेला.

हे वाक्य कोणी लिहून दिले नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याला तो आठ दिवसांपूर्वी सुचला नसता, आणि उत्तर देणाऱ्याने ते किती ठिकाणी ऐकले असेल हे तोच जाणे.

७. सोंग उतरविणे

खेळ संपल्यावर लगेच घंटा झाली असती, तर आमचे काम अपुरे राहिले असते. भूमिकेतील राग-लोभ माणसात पाझरतात आणि माणसाचे भूमिकेत, असे या खेळाचे जाणकार सांगतात. पहिल्या खेळानंतर मुकादमाची भूमिका केलेला मुलगा मैदानावरही धाकट्या मुलांवर हुकूम सोडू लागला होता, आणि मुलेही त्याला ‘मुकादम’ म्हणूनच हाक मारीत होती. म्हणून या वेळी आम्ही गोल करून बसलो. प्रत्येकाने आपल्या पात्राची एक वस्तू – चिंधी, टिपणवही, शिट्टी – मध्ये ठेविली, आपले खरे नाव उच्चारले, आणि ‘त्याने काय केले व मी काय केले असते’ हे सांगितले.

संपादक झालेला विद्यार्थी म्हणाला, “ते संपादक बोलला. मी असतो तर तेथेच बसून त्याचे नाव विचारले असते.” सबंध वर्षात वर्गात आपण होऊन तो इतके बोलल्याचे मला स्मरत नाही.

सोंग उतरविता येणे हा नटाच्या मोठेपणाचाच भाग आहे. १९११ साली ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरीही त्यांनी प्रयोग रद्द न करता भामिनीची भूमिका केली. आपले दुःख भूमिकेबाहेर ठेवणे आणि प्रयोग संपल्यावर त्या दुःखाकडे परत जाणे, या दोन्ही गोष्टी त्यांना कराव्या लागल्या असतील. आमच्या गावीही पहाटे नाटक संपले की तोच राजा तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसून चहा पिताना दिसे. आम्ही मुले त्याच्याकडे टक लावून पाहत असू. त्याला मात्र आपले शेत आठवत असे.

आपल्यापैकी काहींना पुढे युवक संसदेत भाग घ्यावा लागेल. दिल्लीतील शाळांतून १९६६-६७ साली सुरू झालेला हा उपक्रम आता पुष्कळ शाळांत चालतो. तेथे तुम्ही मंत्री व्हाल किंवा विरोधी सभासद व्हाल, आणि स्वतःला न पटणारी बाजूही मांडावी लागेल. त्या वेळी वरील पाच प्रश्न जवळ ठेवा.

अभ्यास

(१) घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या तरुणपणीच्या एका दिवसाविषयी विचारा व पाच प्रश्नांची उत्तरे त्याच्या शब्दांत लिहून काढा.
(२) त्या माणसाची चाल व बसण्याची रीत पाहा. ती तशी का झाली असावी, हे त्यालाच विचारा.
(३) तुम्ही त्याची भूमिका करून दाखविणार असाल, तर तो समोर बसला आहे असे समजून करा. जे त्याच्यापुढे करावयास संकोच वाटेल, ते गाळा.
(४) शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारा.

आमच्या वर्गातील त्या दोघा मित्रांनी पुढच्या संमेलनासाठी आजोबांनाच बोलवावे असे सुचविले आहे. ते आले, तर या वेळी आम्ही प्रेक्षक होऊन बसणार आहोत.